उसाच्या गाडीचं इंजिन आणि किसनबाबा

ही सहल शहाण्णव सालच्या फेब्रुवारीतली, तेव्हा भाडी आणि लॉजचे दर मला विचारू नका. ऐकून तुम्हालाच वाईट वाटेल. पण वाफेच्या इंजिनांचे फोटो काढायला कुठे जावं, असं परवा दोघातिघांनी विचारलं, आणि मला मोठमोठी संग्रहालयं सोडून थेट कोपरगाव आठवलं.

मी तेव्हा पुण्यात बँकेत होते. सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन रुळांच्या कडेने हिंडायचं, हे माझं वेड, आणि घरच्यांनी त्यापुढे हात टेकले होते. मोठ्या रुळांवरची वाफेची इंजिनं माझ्या डोळ्यांदेखत बंद झाली. ती गेली तेव्हा माझ्याकडे धड कॅमेराही नव्हता, याची रुखरुख होती. अशात एका सहकाऱ्याने सांगितलं, की त्याच्या गावाजवळच्या साखर कारखान्याने ऊस वाहणाऱ्या छोट्या गाडीची तीन इंजिनं भंगारात न देता विश्रामगृहाच्या आवारात जपून ठेवली आहेत. त्याच आठवड्यात रजा टाकली.

मनमाडकडे जाणारी गाडी दौंडला बराच वेळ थांबते, कारण इंजिन या टोकाचं काढून त्या टोकाला लावतात. चहा तिथेच पिऊन घ्यायचा, पुढे मिळेलच असं नाही. नगर सोडलं की बोडकं माळरान, मग राहुरीपासून उसाची हिरवाई. कोपरगावला पोहोचेपर्यंत दुपार कलली होती. स्टँडजवळ एक लॉज मिळालं. चादर स्वच्छ, नळाला पाणी सकाळी तासभर. रात्री जेवायला शेवभाजी आणि बाजरीची भाकरी. भाजी इतकी तिखट, की मालकाने न मागता ताकाचा पेला आणून ठेवला.

सकाळी सहा आसनी टेम्पोत नऊ जणांत दहावी म्हणून बसले. गाळपाचे दिवस होते. रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर, बैलगाड्या, आणि कारखाना जवळ आल्याची वर्दी देणारा मळीचा आंबूस वास. नवख्या माणसाला तो सोसत नाही, तासाभराने जाणवेनासा होतो. फाटकावरच्या वॉचमनला बँकेचं ओळखपत्र दाखवलं, त्याने वहीत सही घेतली आणि आत सोडलं.

इंजिनं पत्र्याच्या छपराखाली उभी होती. दोन फुटी रुळांवरची, माझ्या खांद्यापेक्षा थोडी उंच. कुणा हौशी माणसाने त्यांना चंदेरी रंग फासला होता, कंपनीचं नाव कोरलेल्या विलायती पितळी पाट्यांवरही. मला रागच आला. तरी मधलं इंजिन देखणं होतं. सकाळचं ऊन तिरपं येत होतं, तेवढ्यात काम उरकायचं ठरवून मी मांडी घालून जमिनीवर बसले.

पांढरी टोपी घातलेले एक म्हातारे त्या इंजिनाभोवती घुटमळत होते. हात लावायचे, वाकून चाकाकडे बघायचे, आणि नेमके माझ्या चौकटीत यायचे. आम्हा गाडीवेड्यांना फोटोत माणूस चालत नाही. इंजिन कसं एकटं, स्वच्छ हवं. मी दोनदा म्हटलं, "बाबा, जरा बाजूला व्हा." ते दोन्ही वेळा मुकाट्याने बाजूला झाले आणि शेवटी लांब कडुनिंबाखाली जाऊन बसले. पस्तीस फोटो झाले. मी खूश होते.

मग हातगाडीवरून लोखंडी पत्रे घेऊन वेल्डर आला. त्याने झाडाखालच्या म्हाताऱ्यांना "जयभीम, बाबा" म्हटलं आणि मला सांगितलं, की पोरं वर चढून पडतात म्हणून ड्रायव्हरच्या जागेला आज पत्रे लावून ती कायमची बंद करायची आहे. बोलता बोलता त्याने विचारलं, "किसनबाबांचा फोटू घेतला का? तीस वर्सं हे इंजान त्यांनीच हाकलंय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या माणसाचं ते इंजिन, त्यालाच मी दोनदा हाकललं होतं.

जाऊन माफी मागितली. त्यांनी ते मनावर घेतलेलं दिसलं नाही. हळूहळू बोलले. दर दसऱ्याला इंजिनाला हार घालून फोटो निघायचा. साहेब, कारकून, फिटर सगळे पुढे ओळीने उभे. पण इंजिनात वाफ असली की ड्रायव्हरने खाली उतरायचं नाही. त्यामुळे हे आत, वाफेचा काटा बघत. तीस दसरे झाले, एकाही फोटोत ते नव्हते. आता कारभारीण दोन वर्षांपासून अर्धांगाने अंथरुणाला खिळली होती. तिची एवढीच मागणी होती.

"ती लई दिसापासनं म्हनती, गाडीवरचा एक फोटू आना. आज पत्रं लागनार कळलं, म्हनून आलो. पर तुमच्या कामात मोडता नको."

वेल्डरने पत्रे खाली ठेवले आणि बिडी पेटवली. मी नवा रोल भरला. मला वाटलं, बाबांना उन्हात इंजिनापुढे उभं करावं, चेहरा छान येईल. ते तयार होईनात. पुढे साहेब लोक उभे राहतात, म्हणाले. दांड्याला धरून सावकाश वर चढले, टोपी नीट केली, वाफ सोडून गाडी चालवायच्या दांड्यावर डावा हात ठेवला आणि खिडकीतून बाहेर झुकून मागे वळून बघायला लागले.

"बाबा, इकडे बघा. चेहरा दिसत नाही."

"गाडी सुटताना मागंच बघत्यात. डबं समदे वळनावरनं आल्याबिगर फुडं बघायचं न्हाई."

मागे एक भिंत होती आणि तिला टेकवलेली सायकल. ते तिकडेच बघत होते, मान न हलवता. मी विनवलं, हट्ट केला, चार फोटो काढले. चारही तसेच. खाली उतरल्यावर त्यांनी पत्ता सांगितला, मी लिहून घेतला. छपराखालून बाहेर पडले तेव्हा वेल्डिंग सुरू झालं होतं. बाबा तिथे थांबले नाहीत.

परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली, पण पुण्यापर्यंत मन लागलं नाही. रोल धुऊन आले. इंजिनाचे पस्तीसही फोटो सुरेख. ते बघून मित्रमंडळींनी वाहवा केली. बाबांच्या चार फोटोंत मात्र अंधारी खिडकी, टोपी, एक कान आणि गालाची कड. आजारी बाईला हे काय पाठवायचं, म्हणून पाकीट आठ-दहा दिवस टेबलावर पडून राहिलं. शेवटी लाजतच टाकलं, चेहरा न आल्याबद्दल क्षमा मागून.

महिन्याभराने त्यांच्या मुलीचं पत्र आलं. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, अक्षर वळणदार. तिने लिहिलं होतं:

"क्षमा मागू नका. आईने फोटो बघितला आणि म्हणाली, हे असेच दिसायचे. लग्नाआधीपासून आई रुळाकडेच्या मळ्यात खुरपायला असायची. गाडी पुढे गेली तरी बाबा वळणाआड जाईपर्यंत मागे बघत राहायचे. बाबा अजून म्हणतात, मी डबे बघत होतो. आई हसते. दोन वर्षांनी हसली."

मी बँकेच्या काउंटरवर ते पत्र वाचलं आणि समोर माणसं उभी असताना मला रडू आलं.