मले गुस्ता

माझं वाक्य अजून पुरं व्हायचं होतं आणि तिने मला म्यूट केलं.

सकाळी सातचा ऑनलाइन वर्ग. स्पॅनिशचा. पडद्यावर बावीस चौकोन, त्यात एक माझा. शिकवणारी पुण्याची, दोन वर्षं स्पेनमध्ये राहून आलेली. तिला मॅडम म्हणायचं नाही, 'प्रोफे' म्हणायचं, हा पहिल्या दिवशीचा नियम. तिकडे मुलं शिक्षिकेला असंच म्हणतात म्हणे. त्या दिवशी 'आवडणे' चाललं होतं. प्रत्येकाने एक वाक्य बोलायचं. मला कॉफी आवडते. मे गुस्ता एल काफे. एवढंच. आदल्या संध्याकाळी मी ते घोकघोक घोकलं होतं. माझी पाळी आली, मी माइक सुरू केला आणि तोंडातून निघालं, "मले गुस्ता एल काफे."

क्षणभर कोणाला कळलंच नाही. मग एकजण फिस्सकन हसला. मग सगळे चौकोन हलायला लागले. प्रोफेने कपाळावर हात मारला.

"मले? हे काय होतं? अगं, आधी मराठी तर नीट बोलायला शीक. मग स्पॅनिशकडे ये."

मी म्हणत होते, सॉरी प्रोफे, चुकून झालं. ओठ हलत होते, पण आवाज जात नव्हता. माझ्या चौकोनात माइकवर लाल रेघ आली होती. त्यांचं हसणं मला ऐकू येत होतं, माझं बोलणं त्यांना नाही. मी तशीच तोंड हलवत राहिले, मग मिटलं.

मी रोहिणखेडची. मोताळा तालुका, जिल्हा बुलढाणा. हे सांगितलं की पुण्याची माणसं विचारतात, म्हणजे मराठवाड्यात ना? बाबा भाजीपाला करतात. वांगी, मेथी, सांभार म्हणजे तुमची कोथिंबीर, थोडा लसूण. मी बी.कॉम. केलं आणि मोताळ्याला एका दुकानात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देते. लोकांच्या नोकरीचे फॉर्म. तिथेच कळलं की स्पॅनिश येणाऱ्यांना पुण्यात कंपन्या घेतात, तिकडच्या ग्राहकांचे फोन घ्यायला. या क्लासचं एका कंपनीशी बोलणं झालेलं होतं. प्रत्येक बॅचमधून चार नावं प्रोफे पाठवायची, त्यांची थेट मुलाखत. त्या चार नावांत मला यायचं होतं. दुसरं काही डोक्यात नव्हतं.

आणि मला येत होतं हो. हे मी आज लाज न धरता सांगते. स्पॅनिशमध्ये एक घशातला ख आहे. वांग्याला ते बेरेनखेना म्हणतात, त्यातला. बाकीच्यांना तो महिनाभर जमला नाही, खाकरल्यासारखा यायचा. मला पहिल्या दिवशी आला, कारण शेजारच्या उर्दू बोलणाऱ्या खालांच्या तोंडून मी तो जन्मापासून ऐकलेला. शब्द तर मी भाजीतच पाठ केले. आई मेथीच्या जुड्या बांधायची, मी कांद्याला सेबोया म्हणायची, काकडीला पेपिनो. आई म्हणायची, "पेपिनो तं पेपिनो, पन मोठी अन् लहान येगळी कर."

म्यूटच्या दुसऱ्या दिवशी क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्टिकर आलं. वर्गाचं रेकॉर्डिंग सगळ्यांकडे असायचं. त्यातून कोणीतरी माझं चित्र कापलं होतं. तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले, मागे खुंटीला लसणाच्या माळा. खाली अक्षरं, 'मले गुस्ता'. पुढे त्याची पद्धतच पडली. कोणी काही चुकलं की माझं स्टिकर. कोणी उशिरा आलं, माझं स्टिकर. प्रोफेने त्यावर हसून रडणारं तोंड टाकलं.

मीही टाकलं. खोटं कशाला सांगू? मीही तेच हसणारं तोंड टाकलं, म्हणजे मला काही वाटलं नाही असं त्यांना वाटावं. त्या स्टिकरपेक्षा मला ते माझं तोंड जास्त बोचतं.

मग मी स्वतःला दुरुस्त करायला घेतलं. मले नाही, मला. काऊन नाही, का. जाऊन राह्यली नाही, जातेय. फॉर्मच्या दुकानात माणसं माझ्याकडे बघायला लागली. आणि घरी मी आईला धरलं. वर्ग सुरू असताना तिचा आवाज आत येऊ नये म्हणून आधी दार लावलं. मग तेवढ्याने भागेना. ती म्हणाली, "मले जरा पानी दे." मी म्हणाले, "मले नाही आई, मला म्हण." ती हसली. मी पुन्हा म्हणाले. दिवसातून दहादा म्हणायला लागले. एकदा तर मामा बसलेले असताना म्हणाले. प्रोफेने मला जसं म्हटलं होतं, अगदी त्याच आवाजात. आईचा चेहरा उतरला. त्यानंतर ती माझ्याशी बोलताना शब्द चाचपून बोलायला लागली, नाहीतर बोलायचीच नाही. मी मनात म्हटलं, चला, सुधारली.

त्याच आठवड्यात प्रोफेने बोलीभाषेचा तास घेतला. रस्त्यावरची स्पॅनिश. मेक्सिकोत मित्राला गुएय म्हणतात. अर्जेंटिनात चे. स्पेनमध्ये तीओ, म्हणजे खरं तर काका, पण मित्रालाच म्हणतात. प्रोफे रंगून गेली होती. म्हणाली, हे शब्द आले नाहीत तर तुम्ही पुस्तकी वाटाल, भाषेचा जीव तर इथेच असतो. स्पेनमध्ये धन्यवादाला ग्राथियास म्हणतात, पलीकडे ग्रासियास, आणि दोन्ही बरोबर, कोणी कोणाला हसत नाही, असंही म्हणाली. सगळे लिहून घेत होते. मला राहवलं नाही. मी माइक सुरू करून सांगितलं की आमच्याकडे तसंच 'बे' म्हणतात. काय बे, चल बे.

"शी, ते नको. ते फारच गावठी आहे."

आणि पुढच्या शब्दाकडे गेली. ग्रुपवर माझं स्टिकर आलं. मी वहीत लिहिलं, गुएय, चे, तीओ. बे लिहिला नाही.

माझे डोळे उघडले ते आईमुळे. उजळणीचा तास होता. दार लोटलेलं, पण पुरतं लागलं नव्हतं. प्रोफे सगळ्यांकडून एका सुरात म्हणवून घेत होती. त्याला आवडतं, ले गुस्ता. तिला आवडतं, ले गुस्ता. आई बाहेर जुड्या बांधत होती. तास संपल्यावर ती भीतभीत म्हणाली, "तुही मॅडम तं आपल्यासारखंच ले ले करून राह्यली वं."

मी चिडून म्हणाले, तुला काय कळतं त्यातलं? आणि चहा घ्यायला गेले. कप हातात घेतला आणि तशीच उभी राहिले.

त्याले आवडते. ले गुस्ता. तिले आवडते. ले गुस्ता.

ले म्हणजे त्याला. ले म्हणजे तिला. जिथे आम्ही लावतो तिथेच, तेवढंच काम करणारा. ती भाषा कुठली आणि आम्ही कुठले, त्यांचा आमचा काही संबंध असेल असं मी म्हणत नाही. तेवढी शिकलेली मी नाही. पण तो शब्द स्पेनमधून आला की व्याकरण, आणि रोहिणखेडमधून आला की स्टिकर?

मी त्या पहिल्या दिवसाचं रेकॉर्डिंग काढलं. तोवर ते उघडायची माझी हिंमत झाली नव्हती. आपलं तोंड कोण बघेल? या वेळी मी इतरांची वाक्यं ऐकली. माझ्या आधीची चार मुलं म्हणाली होती, यो गुस्तो एल काफे. यो म्हणजे मी. इंग्रजीत 'आय लाइक कॉफी' म्हणतात ना, तसं. घरी सगळे मराठीच, पण डोकं इंग्रजीतून चालवून आलेले. ती साफ चूक होती. आणि प्रोफे त्यांना काय म्हणाली होती? इट्स ओके, सगळ्यांचीच होते. माझं वाक्य मात्र मुळात बरोबर होतं. कॉफी आवडते, ती कोणाला, तर मले. वर्गात वाक्याची घडण ज्या मोजक्यांना कळली होती त्यांतली मी एक. एक अक्षर घरचं निघालं, तेवढंच.

मी ते तीनदा ऐकलं. रडू आलं नाही. अंगाची आग झाली. तिच्यावर, त्या वीस जणांवर, आणि सगळ्यात जास्त माझ्यावर. कारण आईला तर मीच म्यूट केलं होतं.

शेवटच्या तासाला कंपनीच्या बाई ऐकायला येणार होत्या. प्रत्येकाने घरच्यांबद्दल दोन मिनिटं बोलायचं. आदल्या दिवशी प्रोफेचा फोन आला. तुझं ग्रामर छान आहे म्हणाली. सगळ्यांत छान आहे, असंही म्हणाली. पण तुझी ती बोली स्पॅनिशमधूनसुद्धा ऐकू येते. मी विचारलं, ग्रासियास आणि ग्राथियास दोन्ही चालतात ना? तिने ते ऐकलंच नाही.

"उद्या तू फक्त ऐक. कॅमेरा बंद ठेव. पाहुण्यांसमोर उगाच काही नको."

सकाळी मी लसणाच्या माळांसमोरच बसले. कॅमेरा सुरू ठेवला. एकेकजण बोलला. यो गुस्तोवाली मुलंही बोलली. संपल्यावर प्रोफे समारोपाला लागली, तेव्हा मी माइक सुरू केला आणि म्हणाले, प्रोफे, मी राहिले. तिच्या तोंडावरचं हसू तसंच होतं. मी सुरू केलं. आ मी माद्रे ले गुस्ता एल ते. माझ्या आईला चहा आवडतो.

लाल रेघ. म्यूट.

बटण माझ्याही हातात असतं. मी दाबलं. पुन्हा तेच वाक्य म्हणाले. पुन्हा लाल रेघ. मी पुन्हा दाबलं. आता मात्र मी शांतपणे, स्वच्छ आवाजात, माझ्या घरच्या बोलीत विचारलं.

"माह्या मायले चहा आवडते. मायले. ले गुस्ता. यात चुकलं काय, थे सांगा."

कोणी हसलं नाही. कंपनीच्या बाई खाली मान घालून काहीतरी लिहीत होत्या. माझ्याबद्दल नसावं. मग माझ्या पडद्यावर पाटी आली की तुम्हाला या वर्गातून काढण्यात आलं आहे.

दुपारी ग्रुपवर प्रोफेचा निरोप आला. मी पाहुण्यांसमोर वर्गाचा अपमान केला. तीन दिवसांत सगळ्यांची माफी मागावी, नाहीतर प्रमाणपत्र मिळणार नाही. प्रमाणपत्र नाही म्हणजे त्या कंपनीचंच काय, दुसऱ्या कंपनीचंही दार बंद. नाशिकच्या एका मुलीने वेगळा मेसेज करून सांगितलं की सॉरी म्हणून टाक ना, दोन अक्षरं तर आहेत. तिचं मन वाईट नव्हतं. मी दोन दिवस ती दोन अक्षरं लिहीत होते आणि पुसत होते. मला ती नोकरी हवी होती. आजही हवी आहे.

तिसऱ्या दिवशी मी ग्रुपवर लिहिलं, "मले माफी मांगाची नाही." त्याखाली माझंच स्टिकर टाकलं आणि ग्रुप सोडला.

प्रमाणपत्र आलं नाही. यो गुस्तोवाल्यांतले दोघे पुण्याला त्या कंपनीत लागले. मी अजून मोताळ्याला इतरांच्या नोकरीचे फॉर्म भरते. स्पॅनिशची मोठी परीक्षा असते, तिला क्लासचा कागद लागत नाही. तिची तयारी मी एकटी करते. त्या परीक्षेला मी बसणार आहे.

आईची माफी मात्र मी मागितली. जुड्या बांधता बांधता म्हणाले, माय, मले माफ कर. ती म्हणाली, जाऊ दे. पण परवा बाबांसमोर तिला पाणी हवं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, थांबली आणि म्हणाली, "मला... मला जरा पानी दे."

ते तिच्या तोंडात मी घातलेलं आहे. ते काढायला किती दिवस लागतील, मला माहीत नाही. म्हणून मी एक ठरवलं आहे. जोवर माझी आई माझ्यासमोर न अडखळता मले म्हणत नाही, तोवर मी कोणासमोरच मला म्हणणार नाही. दुकानात नाही, मुलाखतीत नाही, पुण्यात तर नाहीच.

हे सगळं मी शाळेने शिकवलेल्या मराठीत लिहिलं. तुम्हाला नीट कळावं म्हणून. हसू नये म्हणूनही, खरं तर. तेवढी भीती अजून होती.

आता नाही. यापुढं मले जे सांगाचं हाय, थे मी माह्या मायच्या बोलीत सांगीन. ज्याले समजून घ्याचं हाय, त्यानं शिकून घ्यावं. मी स्पॅनिश शिकली, तुमाले एक ले शिकाले काय होते?