मुरबे ते सालवड: एका क्लॅरिनेटच्या मागावर

सकाळच्या पॅसेंजरने पालघरला उतरलो तेव्हा माझ्या पिशवीत बायकोने दिलेले धपाटे होते आणि एक कागद होता. त्या कागदाची गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर हा गृहस्थ गिरगाव सोडून सुक्या बोंबलांच्या मुलखात कशाला कडमडला, असं तुम्ही म्हणाल.

मला गाण्यांची माळ ओवायचा नाद आहे. एका गाण्यातला एक तरी वाजवणारा पुढच्या गाण्यात हवा. पहिल्यातला सतारवाला दुसऱ्यात, दुसऱ्यातला ढोलकीवाला तिसऱ्यात, अशी. तबकडीवर गाणाऱ्याचं नाव असतं, वाजवणाऱ्यांचं नसतं. ती मी आमच्या चाळीतल्या तबलजींना पिडून काढतो आणि लिहून ठेवतो, तोच हा कागद. येत्या रविवारी मित्रमंडळींत वीस गाणी लावायची आणि प्रत्येकाआधी वाजवणाऱ्यांची नावं मोठ्याने वाचायची, असं ठरलं होतं. घोडं अडलं ते अकराव्या आणि बाराव्या गाण्यापाशी. दोन्हींत क्लॅरिनेटवाला एकच, हे माझे कान शपथेवर सांगत होते. बाराव्यात कुणी मंजिरीवाला ठोक्याला केसभर उशिरा येतो आणि माझं डोकं उठतं, पण ते सोडा. क्लॅरिनेटवाला कोण, विचारलं तर तबलजी म्हणाले, मुरब्याचा माणूस एवढंच ठाऊक आहे. झालं, निघालो.

सातपाटीपर्यंत एस.टी. आणि पुढे होडीने खाडी. ओहोटी लागली होती. पलीकडे उतरलो तो गुडघाभर चिखलात. पाय निघाला, चप्पल राहिली. होडीतल्या कोळणी पोट धरून हसल्या. त्यांतल्याच एकीने मला हात धरून वर काढलं आणि क्लॅरिनेटवाला म्हणताच थेट हरेश्वरच्या अंगणात नेऊन सोडलं.

नशीब, भांगाचे दिवस होते (अष्टमीच्या आसपासची मंद भरती, तेव्हा होड्या घरी असतात). हरेश्वर पन्नाशीचा, जाळं विणत बसलेला. इथे लहानथोर सगळ्यांना एकेरीच, त्यामुळे मीही पाच मिनिटांत 'तू' झालो. आधी जेव, मग बोल, म्हणाला. तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलांचं कालवण असं जमलं होतं की मी धपाट्यांचं नावही काढलं नाही.

जेवणानंतर मी दोन्ही गाणी गुणगुणून दाखवली. त्याने पहिल्याला मान डोलावली, दुसऱ्याला हलवली. ते माझं नाही, म्हणाला. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या की तो मुंबईला वाजवायला जातो. दुसरं गाणं पौषातलं, आणि पौषात तो दर्यात असतो. पौषात जातो तो लखमा, डोंगराकडच्या पाड्यावरचा (पाडा म्हणजे लहान वस्ती). दोघे पालघरच्या बँडात एकत्र होते. लखमा पावसात भात लावतो, कापणी झाली की मोकळा. म्हणून दोघांत मिळून क्लॅरिनेट एकच, आणि मुंबईत दोघांनाही नाव एकच, 'मुरब्याचा माणूस'.

माझे कान गेले चुलीत! माळ तुटली. आणि मला दुर्बुद्धी सुचली. म्हटलं, दोन्हीकडे तुझंच नाव वाचतो, कुणाला कळतंय?

हरेश्वरने सुई खाली ठेवली. "तिते माजं नाव वाचलंस त तबकडी फोडीन," तो म्हणाला. "लखमाचं नाव मुंबईत अजून कोनी घेतलं नाय. तू घे."

मी ओशाळलो. लखमाला भेटून जा, म्हणून तोच उठला, स्वतःच्या वहाणा मला दिल्या आणि अनवाणी बरोबर निघाला. बोईसरपर्यंत एस.टी. मिळाली, पुढे सालवड पायी. तारापूरच्या वीज केंद्राचं काम जोरात आहे. सालवडला कामगारांची वस्ती वाढते आहे आणि दुकानांत हिंदी ऐकू येतं. लखमा यंदा तिथेच विटा वाहतो. दुपारच्या सुट्टीत ताडाखाली भेटला. हाडकुळा, लाजाळू. क्लॅरिनेट उशाशी धडप्यात गुंडाळलेली.

त्याने वाजवली. एक सूर धरला तो सोडेचना. लहानपणी तारपा (भोपळ्याचं लांब फुंकवाद्य) वाजवायचा, तिथला तो न तुटणारा दम. एवढा फरक मला कळू नये? मी त्याचं नाव कागदावर लिहिलं, त्याला दाखवलं, आणि म्हटलं, माळ तुटली तर तुटू दे.

"कशी तुटंल?" लखमा म्हणाला. "हरेश्वर हाय ना त्या गान्यात. पयल्या टायमाला मी भ्यालो होतो. हा उधानाचा दर्या सोडून माज्यासंगती आला. नुसता आत कोन बसू देल? म्हनून मंजिरी घेतली हातात."

हरेश्वर कान खाजवत म्हणाला, ते काय वाजवणं होतं, सगळं लक्ष ह्याच्याकडे.

उधाणाचे दिवस म्हणजे कोळ्याची कमाई, एवढं मलाही कळतं. पिशवीतले धपाटे काढले आणि तिघांनी खाल्ले.

संध्याकाळच्या गाडीने परतलो, हरेश्वरच्या वहाणा घालूनच. परत घ्यायलाच तयार होईना. या प्रवासात चप्पल गेली, कानांचा तोरा गेला, पण इतका तृप्त होऊन मी काशीहूनही आलो नव्हतो.

रविवारी बाराव्या गाण्याआधी मोठ्याने वाचलं, "क्लॅरिनेट, लखमा. मंजिरी, हरेश्वर." गाणं सुरू झालं. मंजिरी केसभर उशिरा आली. तबलजींनी तोंड वाकडं केलं.

मी सुई उचलली आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.