वेदीपाशी ठेवलेला भोपळा

बनुबाई साळवे पहाटे पवित्र शास्त्र वाचायच्या, ते हातात मोबाईल घेऊनच. वचन सापडलं की आपल्या आवाजात भरून घरच्या ग्रुपवर सोडायच्या. भाऊ रामहरीला दारूवरचं, जावेला चुगलीवरचं, सुनेला आळसावरचं. श्रीरामपुरातल्या नात्यागोत्यात सुटलं कुणीच नव्हतं.

"आज कुणाची पाळी, मावशी?" गल्लीतले लोक विचारायचे.

"ज्याला लागंल त्याची!"

सून दिपालीचं मूल पोटातच गेलं, त्याच आठवड्यात बनुबाईंनी फळ न देणाऱ्या झाडाचं वचन टाकलं. दिपालीनं ते ऐकलं. दुपारी पिशवी भरून ती सुप्याला माहेरी निघून गेली.

"आई, काय केलंस हे?" मुलगा कल्याण म्हणाला.

"म्या कुठं काय बोलले? शास्त्र बोललं."

"शास्त्र रोज तुझ्याच मनातलं कसं गं बोलतं?"

त्यावर त्या मोबाईल घेऊन परसात गेल्या. पण सुप्याला फोन काही केला नाही.

कापणीचा सण आला. चर्चमध्ये वेदीपुढं बाजरी, ऊस, पाय बांधलेल्या कोंबड्या. बनुबाईंनी परसातला मोठा भोपळा आणून ठेवला. शास्त्रपाठ त्यांच्याकडंच होता: अर्पण वेदीपाशी ठेव, दुखावलेल्या माणसाशी आधी समेट कर, मग ये. तो कुणासाठी हे त्यांनी घरीच ठरवलं होतं. चर्चमधले, शेताच्या बांधावरून भांडणारे दोघे सख्खे भाऊ.

वाचता वाचता त्यांनी भावांकडं रोखून पाहिलं. दोघं एकाच गीतपुस्तकात डोकं घालून बसले होते. त्यांचं मिटलं होतं. मग नजर सरकली ती कल्याणवर. त्याच्या शेजारची जागा रिकामी.

बनुबाई थांबल्या. तेच वाक्य त्यांनी पुन्हा वाचलं, हळू, स्वतःला ऐकू जाईल एवढंच.

"पाळकसाहेब, भोपळा हितंच राहू द्या. मी येते."

"अगं, अर्पणांचा लिलाव व्हायचाय अजून!" म्हातारे पुंजाराम ओरडले.

कल्याण उठला, "मी येतो."

"नको. बोलले मी. जानार मी."

सुप्याला दार दिपालीनंच उघडलं.

"आज कुठलं वचन आणलंय, आई?"

"आज न्हाई आनलं." बनुबाई पायरीवरच थांबल्या. "त्या झाडाचं वचन तुझ्यासाठी न्हवतं गं. मी त्याचा दगड करून फेकला. रोज करीत हुते."

"बाळ गेलं त्या दिवशी तुम्ही माझ्याजवळ बसलासुद्धा नाहीत."

"व्हय. न्हाई बसले."

"मी आज येणार नाही."

"नको येऊ. मी बसू का?"

 दिपालीनं आत वळून चटई टाकली.

ती बोलत होती, रडत होती, पुन्हा बोलत होती. बनुबाईंच्या पिशवीत मोबाईल वाजत राहिला. चर्चमधून विचारत असणार, भोपळ्याचं काय करायचं. त्यांनी तो बाहेर काढला नाही.