गरम मुशीचं वजन

उभ्या वऱ्हाडात जिचं बोट आजवर एकदाही भाजलं नाही अशी एकच बाई आहे, आणि ती माझी मोठी नणंद आहे. अकोल्याच्या कॉलेजात ताईंनी सारी नोकरी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काढली. ‘गरम मूस आणि थंड मूस दिसायला सारखीच असते,’ हे त्यांचं पहिल्या तासाचं वाक्य. मूस म्हणजे पदार्थ तापवायची चिनी मातीची इवलीशी वाटी. ती चिमट्यानेच उचलायची, पूर्ण निवू द्यायची, मगच तोलायची. पुन्हा तापवायची, निववायची, तोलायची, आणि लागोपाठ दोन वजनं सारखी आली तरच खरी मानायची. शिस्त मलाही आवडते, पण ताई अमरावतीला आमच्याकडे आल्या की मी माझ्याच स्वयंपाकघरात विद्यार्थिनी होते. परीक्षानळीसारखं कुकरचं तोंड भिंतीकडे, केस बांधलेले, हळदीच्या डब्यावरही चिठ्ठी. “हळद दिसते की, ताई,” मी म्हटलं, तर म्हणाल्या, “गंधकबी पिवळाच दिसते.” वास कधी थेट नाकाने घेणार नाहीत, हाताने हवा ओढून घेणार. एका लग्नात वरणाच्या गंजापाशी हा प्रकार चालला होता, तेव्हा आचारी म्हणाला, “बाई, माशा हाकून राहिल्या का?”

मागच्या हिवाळ्यात ताई आमच्याकडे असताना माझ्या लेकीला वरूडचं स्थळ सांगून आलं. संत्र्याचे बगीचे, मुलगा शिकलेला, बोलणी जवळजवळ ठरलेली. पाहुणे गेल्याबरोबर लेक ताडकन म्हणाली, “मला नाही करायचं!” हे भडकले, तीही भडकली. “आत्ताच होकार कळवतो,” म्हणून यांनी फोन उचलला, तो ताईंनी काढून घेतला. “तुमी दोघंबी गरम आहा. गरम मुशीचं वजन करत नसतात.”

मग विषयच काढायचा नाही, असा हुकूम निघाला. वरूडला ‘थोडं थांबा’ एवढंच सांगितलं, आणि ताईंनी मुक्काम वाढवला. घर निवल्यावर मेथी निवडता निवडता त्यांनी पोरीला विचारलं, “काय म्हनतं, बाई?”

“नाहीच, आत्या. लग्नानंतर नोकरी सोडावी लागेल म्हणाले ते.”

काही दिवस जाऊ देऊन त्यांनी यांच्यासमोर पुन्हा विचारलं. ना रडणं, ना ओरडणं. पोरीने तेच सांगितलं.

“दोनदा सारखं आलं. आता नाही म्हनून कळव,” ताई यांना म्हणाल्या.

“पन ताई, पोरगा चांगला आहे ना!”

“पोराचं वजन कोन करून राहिलं?”

शेवटी नकाराचा फोनही त्यांनीच केला, इतका गोड, की समोरच्यांनी त्यांनाच संत्री न्यायला बोलावलं.

त्यांना अकोल्याच्या गाडीत बसवायला मी स्टँडवर गेले. ताईंनी शिक्षणापायी लग्न केलं नाही, असं आमच्या घरात सगळेच सांगतात. मी आपली म्हणाले, “ताई, तुम्ही होतात म्हणून पोर सुटली.”

“मीबी असंच रागात ‘नाही’ म्हनलं होतं,” त्या म्हणाल्या. “बाबांनी लगेच कळवून टाकलं. पुन्हा कोनी विचारलंच नाही मले.”

“विचारलं असतं तर?”

ताई नुसत्या हसल्या. तेवढ्यात गाडी लागली, आणि मीही पुन्हा विचारलं नाही.