विरोधाची चिठ्ठी

शाळांच्या वादविवाद स्पर्धांची मला शिसारी येते. ज्या बाईने बावीस वर्षं मुलांना याच स्पर्धांसाठी उभं केलं तिनेच हे म्हणावं, यावर कुणाला हसू आलं तर येऊ दे. मिळेल ती बाजू तोंडपाठ करायची, उजवा हात छातीपर्यंत आणायचा, ‘म्हणूनच मित्रहो’ म्हणताना तो पुढे फेकायचा आणि घंटा वाजायच्या आत कवितेच्या दोन ओळी कोंबायच्या. हे सगळं मी शिकवलंय. हशा आला की किती थांबायचं, तेसुद्धा.

भाईंदर पश्चिमेला आमची मराठी शाळा होती. दोन हजार सहा सालची गोष्ट. पाचवीची एक तुकडी आधीच बंद झाली होती आणि उरलेली आज जाते की उद्या, अशा बेतात होती. रत्नागिरी-रायगडहून आलेली, घरात अस्सल मराठी बोलणारी माणसं जूनमध्ये आमच्या गेटवरून मुलाचा हात धरून पुढच्या इंग्रजी शाळेकडे जायची. जाताना आमच्याकडे बघायचीसुद्धा नाहीत. मुख्याध्यापकांनी यावर उपाय काढला. आंतरशालेय स्पर्धेचा फिरता चषक यंदा आपल्याकडे आणायचा आणि त्याचा फ्लेक्स गेटवर लावायचा. ‘‘बाई, चषक दिसला की पालक थांबतात,’’ ते म्हणाले. असा एकही पालक मी कधी पाहिला नव्हता, तरी मान डोलावली.

विषय आला, ‘लहान राष्ट्राने स्वतंत्र होणे योग्य आहे’. त्या वर्षी युरोपातल्या एका चिमुकल्या देशाने मतदान घेऊन मोठ्या जोडीदाराशी काडीमोड घेतला होता. त्या देशाचं नाव आमच्या स्टाफरूममध्ये कुणालाही एका दमात घेता येईना. ‘‘आपल्या मीरा-भाईंदरएवढी माणसं असतील-नसतील तिथे,’’ पीटीचे सर म्हणाले, ‘‘आणि यांना म्हणे देश पाहिजे.’’ सगळे हसले. मीही हसले.

नियम असा होता की प्रत्येक शाळेचा एकच स्पर्धक, आणि कुठली बाजू मांडायची ते भाषणाआधी पंधरा मिनिटं चिठ्ठी उचलून ठरणार. म्हणजे दोन्ही बाजू पाठ हव्यात. भाईंदर पूर्वेला इंद्रलोकमधल्या आमच्या घरी एका रविवारी मटार सोलून झाल्यावर मी दोन्ही भाषणं लिहायला बसले. बाजूने लिहिताना भाषा, स्वाभिमान, दूरच्या राजधानीत बसून आपल्या गावाचे निर्णय घेणारे लोक, असं सगळं घातलं. विरोधात सैन्य कुठून आणणार, वीज कोण देणार, हरलेल्या निम्म्या लोकांनी काय करायचं आणि एकाने सुरुवात केली की फुटाफुटीला अंत कुठे, हे घातलं. दोन्ही भाषणं मला सारखीच पटली. दुपारी जेवताना मी नवऱ्याला ती वाचूनही दाखवली. स्वतःची तेव्हाच किळस यायला हवी होती, पण मी खुशीत होते.

विरोधाच्या भाषणात मी एक हशाचं वाक्य घातलं होतं. ‘आज हा देश वेगळा, उद्या तो वेगळा, परवा आपल्याकडचा प्रत्येक पाडा, प्रत्येक कोळीवाडा उठेल आणि म्हणेल, आमचा झेंडा आणा!’ ‘पाडा’च्या मागोमाग ‘कोळीवाडा’ कानाला बरा लागतो, एवढाच माझा विचार होता.

आमची स्पर्धक नववीतली. किनाऱ्यावरच्या उत्तन गावची, ख्रिस्ती कोळ्याच्या घरातली. बापाची स्वतःची होडी. रोज बसने यायची. आवाज असा की शेवटच्या बाकावर झोपलेला मुलगाही उठून बसावा. मी तिला दोन्ही भाषणं दिली. आठ दिवसांनी तिने दोन्ही घडाघडा म्हणून दाखवली आणि मग वहीतून चार पानं काढून माझ्यापुढे धरली. ‘‘बाई, मी पण थोडंसं लिहिलंय.’’

पेनाने खाडाखोड केलेली ती पानं मी स्टाफरूमच्या दारात उभ्या उभ्या वाचली. तिने घरचं लिहिलं होतं. त्यांच्या गावाला पूर्वी स्वतःची पंचायत होती, मग गाव शहराच्या पालिकेत गेलं. बाबा म्हणतात, पूर्वी तक्रार करायची तर ज्याचं घर माहीत आहे अशा माणसाकडे जायचो. आता बस पकडून भाईंदरला यायचं आणि ज्याने आपला होड्यांचा धक्का कधी पाहिला नाही त्याला धक्का कुठे आहे ते सांगत बसायचं. आई म्हणते, पंचायत होती तेव्हा विहिरीचे हंडे माझ्या डोक्यावर होते, नळ आला तो शहरामुळे. जेवताना रोज हाच वाद. पुढे तिने लिहिलं होतं, ‘त्या देशात पण घराघरात असंच असेल. नको म्हणणारे हरले तर त्यांनी कुठे जायचं? पण हो म्हणणारे इतकी वर्षं कुठे जात होते? मला वाटतं वेगळं व्हावं. फक्त वेगळं झाल्यावर, घरात जो नको म्हणत होता त्याला विचारायचं थांबवू नये.’

ही पोर खरंच विचार करत होती. मी एका रविवारी जे मटारासारखं सोलून टाकलं, त्याच्याशी ती आठ दिवस झटत होती. हे मला कळलं, अगदी लख्ख कळलं, आणि तरीही मी म्हणाले, ‘‘छान आहे गं. पण घरातलं नको. परीक्षकांना असलं आवडत नाही.’’

‘‘बाजूने आलं तर शेवटी दोनच परिच्छेद घालू का? बाबांना पण आवडलंय.’’

‘‘बाजूने आलं तर घाल.’’

‘‘नक्की ना बाई?’’

‘‘नक्की.’’

बाबांना आवडलंय म्हणजे काय, ते मला नंतर कळलं. ती रोज संध्याकाळी घरी स्वतः लिहिलेलं ते भाषण म्हणत होती आणि चौथीपर्यंत शिकलेला तिचा बाप समोर बसून सांगत होता की अमुक साल नाही, त्याच्या आधीची गोष्ट आहे ती. आई मधेच तोंड घालून नळाची बाजू लावून धरत होती. शेजारपाजारचेही ऐकायला येऊन बसायचे. आपल्या गावाचं म्हणणं कुणीतरी माइकवर मांडणार, हे त्या आळीने धरून ठेवलं होतं.

स्पर्धा आमच्याच सभागृहात होती. प्रमुख पाहुणे म्हणजे शहरातलं एक वजनदार राजकीय प्रस्थ, आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे तेच मुख्य परीक्षकही. त्यांचा विषयाशी काय संबंध, असं विचारायची पद्धत नाही. आदल्या वर्षी एका मुलाने एकता-अखंडतेवर गळा काढला तेव्हा यांनी रुमालाने डोळे पुसले होते आणि पहिलं बक्षीस त्यालाच गेलं होतं. शाल, श्रीफळ, पेढ्याचा बॉक्स आणि खुर्चीवर टाकलेला पांढरा टर्किश टॉवेल. तो टॉवेल मला डोळ्यांसमोर नको असायचा. पण तो टॉवेल घरून आणायचं काम दरवर्षी माझ्याकडेच असायचं.

पाहुणे यायच्या आधी मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेतलं. ‘‘बाई, साहेबांना ही वेगळं होण्याची भाषा अजिबात खपत नाही. आपल्याला विरोधाची चिठ्ठी येईल असं बघा.’’ पंखा जरा हळू करा म्हणावं, इतक्या सहज म्हणाले. चिठ्ठ्या माझ्याकडेच होत्या. विरोधाच्या एका चिठ्ठीचा कोपरा मी नखाने फाडला आणि ती स्टीलच्या डब्यात इतर चिठ्ठ्यांमध्ये टाकली. चषक, तुकडी, नोकरी असली कारणं मनाशी तयार होतीच. बाजूने असो की विरोधात, कुठल्याही गोष्टीसाठी कारणं तयार करणं हाच माझा धंदा होता.

व्हरांड्यात ती केसांच्या रिबिनी घट्ट करत उभी होती. ‘‘कोपरा फाटलेली चिठ्ठी आहे ना, ती उचल,’’ मी हळूच म्हणाले.

‘‘त्यात काय आहे?’’

‘‘विरोध.’’

तिने सभागृहाकडे पाहिलं. ‘‘पण बाई, बाबा आलेत. गावातले दोघं काका पण आलेत. आज होडी नाही काढली त्यांनी.’’

‘‘मग बरंच झालं की. बक्षीस घेताना बघतील.’’

‘‘तुम्ही नक्की म्हणालेलात.’’

‘‘बाजूने आलं तर म्हणाले होते,’’ मी म्हणाले. हे वाक्य उच्चारताना मला जी हुशारी वाटली, तिची आज सगळ्यात जास्त घाण वाटते. चौदा वर्षांच्या पोरीला मी वकिली उत्तर दिलं होतं. ती आत गेली आणि तिने डब्यातून फाटक्या कोपऱ्याची चिठ्ठी उचलली.

तिसऱ्या रांगेत ते तिघे बसले होते, इस्त्रीचे शर्ट घालून, हात गुडघ्यांवर ठेवून. तिने माइक हातात घेतला आणि विरोध सुरू केला. सैन्य, वीज, व्यापार, सगळं ठसक्यात. बाप पुढे वाकून ऐकत होता. आपलं कधी येतंय याची वाट बघत असावा. मग ते वाक्य आलं. तोपर्यंत, खरं सांगते, ते वाक्य तिथे आहे हेच मी विसरले होते. ‘‘...प्रत्येक पाडा, प्रत्येक कोळीवाडा उठेल आणि म्हणेल, आमचा झेंडा आणा!’’ आणि शिकवलं होतं तशी ती थांबली.

सभागृह खदखदून हसलं. पाहुण्यांनी मांडीवर थाप मारली. त्या दोन काकांपैकी एक जण सगळ्यांबरोबर हसला, मग त्याने तिच्या बापाकडे पाहिलं आणि हसणं आवरलं. बाप तसाच पुढे वाकलेला. ती कुणाकडेच बघत नव्हती. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती, कारण घाबरलं की घड्याळाकडे बघावं, असं मीच सांगितलं होतं. हशा ओसरल्यावर तिने हात पुढे फेकला आणि म्हणाली, ‘‘म्हणूनच मित्रहो.’’

चषक अर्थातच आम्हाला मिळाला. पाहुण्यांनी भाषणात त्या झेंड्याच्या वाक्याचं दोनदा कौतुक केलं. फोटो निघाले. गर्दी पांगल्यावर तिचा बाप माझ्याजवळ आला. राग नव्हता त्याच्या चेहऱ्यावर. असता तर मला सोपं गेलं असतं.

‘‘टीचर, पोर घरी तं येगळंच बोलत होती.’’

‘‘काय करणार, चिठ्ठी तशी आली,’’ मी म्हणाले.

ती त्याच्या शेजारी चषक छातीशी धरून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलेल. बोलायला हवी होती.

‘‘आसं हाय काय,’’ तो म्हणाला. ‘‘मग तिचा काय दोष न्हाय.’’ आणि त्याने मला हात जोडले. ‘‘तुमची लय मेहनत हाय टीचर.’’

मी पण हात जोडले. काय करणार होते?

गेटवर फ्लेक्स लागला. पाहुण्यांचा फोटो सगळ्यात मोठा, मुख्याध्यापकांचा मध्यम, आणि खाली कोपऱ्यात ती, चषकामागे अर्धं तोंड झाकलेली. जूनमध्ये पाचवीची उरलेली तुकडीही बंद झाली. फ्लेक्स मात्र दिवाळीपर्यंत होता.

पुढच्या वर्षी विषय आला मोठ्या धरणांचा. वर्षभर मी मनाशी घोकत होते की यंदा हे असं नाही होऊ द्यायचं. कागद नाही देणार, चिठ्ठीला हात नाही लावणार. मधल्या सुट्टीत तिला बोलावलं. दहावीत गेली होती, उंच झाली होती. म्हटलं, ‘‘या वेळी मी काही लिहून देणार नाही. तुला स्वतःला काय वाटतं ते लिही. घरातलं लिही, गावातलं लिही. मी एक शब्द बदलणार नाही.’’ वाटलं, ती खूश होईल, निदान चिडून काहीतरी बोलेल.

तिने वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि तारीख घातली. टोमणा नव्हता, राग नव्हता. मन लावून अभ्यास करणाऱ्या मुलीचा चेहरा होता.

‘‘चालेल बाई,’’ ती म्हणाली. ‘‘पाहुणे कोण येणारेत?’’