एका पाकिटातली दोन कार्डं

आधी खालाचं सांगते. खाला म्हणजे मावशी, सगळं गाव तिला तसंच म्हणायचं. चांदूर रेल्वेजवळच्या आमच्या गावात ती घरोघर बांगड्या भरत फिरायची. नात्यानं आमची कोणी नाही. पण मतदानाच्या त्या दिवशी ओळखीच्या माणसांनी तोंडं फिरवली तेव्हा माझ्या आईसाठी तीच उन्हात पळाली.

बाबा तापानं गेले, अकोल्याच्या दवाखान्यात. हे आईला प्रत्येकाला सांगावं लागलं. ती वर्षंच तशी होती. शेतावर राबणारा माणूस गेला म्हटलं की भेटायला आलेला बाजेवर टेकायच्या आधीच हळू आवाजात विचारायचा, "औषध पेले का?" आई म्हणायची, "नाही जी, ताप होता." लोक मान हलवायचे, पण पटलं नाही अशी.

आमच्यात माणसाच्या अंगाखिशातल्या वस्तू अस्थींसोबत नदीत सोडतात. चष्मा, तंबाखूची डबी, पाकीट असं सगळं आईनं स्वतःच्या हातानं दुपट्ट्यात बांधलं आणि काकांनी ते वर्धा नदीत सोडलं. त्या पाकिटात बाबांचं मतदानाचं कार्ड होतं, आणि त्याला चिकटून आईचंही. बायकांची कार्डं नवऱ्याच्याच खिशात असायची. मत द्यायला दोघं मिळून जायची, बाबा दोन्ही कार्डं काढून टेबलावर ठेवायचे. आईला हे आठवलं ते थेट मतदानाच्या सकाळी.

तरी ती निघाली. यादीतून बाबांचं नाव अजून कोणी काढलं नव्हतं, आणि तिला त्याचीच काळजी लागली होती. "त्यायच्या नावावर दुसऱ्या कोणी बटन दाबू नये," ती म्हणाली. "सांगाच लागते साहेबाले."

मी तेव्हा आठवीतून शाळा सोडून सुरतेला साड्यांवर टिकल्या लावायच्या कामाला लागले होते आणि सुट्टीवर घरी आले होते. माझं नाव यादीत नव्हतं, तरी आईसोबत गेले. केंद्र माझ्या शाळेतच होतं.

"कार्ड?" टेबलावरच्या साहेबानं विचारलं. तो बाहेरगावचा होता.

"नदीत गेलं, साहेब."

रांगेत कोणी फिसकन हसलं. "काहून वो, पूर आलता का?"

"फोटो असलेलं दुसरं काहीही दाखवा, चालेल," साहेब म्हणाला. "काहीच नसेल तर मी नाही सोडू शकत."

खिडकीजवळ उमेदवारांचे एजंट बसले होते, आमच्याच गावचे. एक तर आमच्या शेजारचा, लहानपणी आमच्या चुलीपाशी जेवलेला. आई त्याला म्हणाली, "सांग ना बाबू, मी कोन आहो ते." तो वर पंख्याकडे बघत राहिला.

रांगेतून खाला पुढे आली. "काऊन रे, तोंडात बोळा कोंबला का तुह्या?" असं त्याला म्हणून तिनं आईचा हात धरून साहेबापुढे केला. रिकामा हात. "साहब, लगीन होऊन आली तवापासून या हाताले मीच चुड्या भरल्या. हा हात मी अंधारात वळखतो."

"बाई, मनगटावर फोटो नसतो," साहेब म्हणाला.

"फोटो पायजे? मंग थांबा."

रोजगार हमीच्या कामाचं कार्ड रोजगार सेवकाकडेच पडून असतं, हे आम्हा दोघींना सुचलं नाही, ते तिला आठवलं. बांगड्यांची पेटी माझ्या मांडीवर ठेवून ती गावाच्या पार दुसऱ्या टोकाला गेली. त्याच दुपारी शेजारच्या गावात तिला नवरीला चुडा भरायचा होता. त्या लोकांनी वाट पाहिली आणि दुसरीला बोलावलं. ते घर तिचं कायमचं तुटलं. हे तिनं नाही, दुसऱ्यांनी आम्हाला सांगितलं.

कार्ड आलं. त्यावर आई-बाबांचा एकत्र फोटो होता, ग्रामपंचायतीच्या भिंतीपुढे काढलेला. साहेबानं फोटोतलं कुंकू पाहिलं, मग आईचं कपाळ.

"हे सोबतचे?"

"घरवाले. नाही आता. त्यायचंही नाव आहे तुमच्या यादीत. कोणाले देऊ नका, साहेब."

त्यानं यादीवर बोट ठेवलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "यांचं मत झालंय बाई. सकाळीच. एजंट म्हणाले, आमच्या ओळखीचे आहेत."

शेजारचा आता जमिनीकडे बघत होता. आईला बघून त्याची वाचा का बसली होती, ते मला तेव्हा कळलं.

आई भांडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "कसे दिसत होते?"

साहेबानं शाईची बाटली पुढे ओढली. तिच्या बोटाला शाई लागली, तिनं मत दिलं. घरी येऊन उंबऱ्यात बसल्यावर म्हणाली, "तिथं तरी जिवंत होते, पोरी."

मत देताना ओळखपत्र मागावं की नाही, यावर इथं सुरतेला कारखान्यात वाद होतो. मी म्हणते, मागावं. त्या सकाळी प्रत्येकाला मागितलं असतं तर बाबांच्या नावावर परका माणूस उभा राहिला नसता. पण म्हणता म्हणता मीच अडते. त्याच नियमानं आईला सगळ्या गावापुढे अडवलं होतं, आणि ज्याचं कार्ड पाण्यात गेलं त्याच्यासाठी पळणारी खाला काही प्रत्येक गावात नसते. मला स्वतःला तर अजून गेटातून आत जाताना कार्ड आहे ना म्हणून पुन्हा पुन्हा पर्स चाचपावी लागते.

खाला आता अकोल्याला, जठारपेठेत मुलाकडे राहते. गुडघे गेलेत. नाव अजून आमच्याच गावच्या यादीत आहे, पण नेणारं कोणी नाही म्हणून मागच्या वेळी तिचं मत राहिलं. खाला, पुढच्या वेळी रजा मिळो न मिळो, मी येईन. तुला ऑटोत बसवून स्टेशनावर नेईन, हात धरून त्या शाळेच्या पायऱ्या चढवीन. आणि तुझं कार्ड तुझ्याच हातात ठेवीन.