मागून उघडणारा गाऊन

कपडे दुरुस्त करायच्या दुकानात तिला सगळे टाचणी म्हणत. तोंडात कायम चार-पाच टाचण्या धरलेल्या, त्यामुळे बोलणं कमी आणि हुंकार जास्त. वय छप्पन्न. कुणाच्या पँटची लांबी कमी कर, कुणाच्या कोटाचं अस्तर बदल, कुणाच्या बॅगेला चेन बसव, यात तिची तीस वर्षं गेली होती.

जेवणाच्या सुट्टीत मात्र टाचण्या डबीत जायच्या आणि मोबाइल शिवणयंत्राला टेकून उभा राहायचा. मग ती आणि इस्त्रीवाली, दोघी डबा खाता खाता दोन-दोन मिनिटांच्या भागांच्या कौटुंबिक मालिका बघायच्या. हाकलून दिलेली सून तिसऱ्या भागात मोठ्या गाडीतून उतरायची, सातव्या भागात सासूच्याच कंपनीची मालकीण निघायची, आणि मग भर पार्टीत अख्खं सासर तिच्या पायाशी.

"अजून वाक म्हणावं, अजून!" इस्त्रीवालीचा घास हातातच राहायचा.

"आपल्याला एक चेन बसवायला अर्धा तास लागतो," टाचणी म्हणायची, "आणि ही बया दोन मिनिटांत कोट्यधीश."

हसायची खरी, पण तो पार्टीचा भाग घरी गेल्यावर ती एकटीच पुन्हा लावायची. तिला ना गाडी हवी होती, ना कंपनी. सासूने नाक घासलं काय अन् न घासलं काय. ती बघायची ती आजूबाजूला ग्लास धरून उभी असलेली पाहुणेमंडळी. खरं काय ते कळल्यावर एकेक मान नायिकेकडे वळायची, ते तिला पुन्हा पुन्हा बघावंसं वाटायचं.

तिची आई सात वर्षं अंथरुणाला खिळून होती. अर्धं अंग गेलेलं, उजवा हात वर होत नसे. भरवणं, पुसणं, कुशीवर वळवणं, सगळं टाचणीने दुकान सांभाळून एकटीने केलं. दादा शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. फोन करायचा, सणावारी यावं तसा येऊन जायचा. आई गेली तेव्हा शोकसभेत तो बोलायला उभा राहिला. "आईची सेवा करायचं भाग्य मला आणि हिला लाभलं," म्हणत त्याने वहिनीकडे हात केला. साठ-सत्तर माणसं हळहळली. टाचणी मागे चहाचे कप गोळा करत होती. एक लांबची मावशी तिच्या हातात रिकामा कप देत म्हणाली, "नशीबवान गं तू, असा भाऊ मिळाला."

तिने तो कप बाकीच्या कपांत ठेवला. ते वाक्य चार वर्षं सलत राहिलं. काय काय बोलायला हवं होतं ते तिने इतक्यांदा मनात घोळवलं होतं की मालिकावाल्यांनी लिहून घ्यावं.

आणि एके दुपारी दादा दुकानात आला. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण तुटलेलं. हातात कापडाची पिशवी.

"तुझ्या वहिनीला झटका आला," तो काउंटरपाशी उभ्या उभ्या म्हणाला. "आठ महिने झाले. डावा हात चालत नाही. तू आईला तो गाऊन शिवला होतास ना... मागून उघडणारा?"

टाचणीने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या. इस्त्रीवाली पडद्याआड कपड्यावरची इस्त्री उचलायची विसरून उभी होती. जळका वास यायला लागला तेव्हा कुठे भानावर आली.

"तुला कसा आठवला?" टाचणीने विचारलं.

"रोज सकाळी तिचा हात बाहीत घालताना ती ओरडते. तेव्हा आठवला."

पाठ केलेलं सगळं तिच्या ओठांवर आलं होतं. पण समोरच्या माणसाच्या बोटांना औषधाचा वास येत होता, आणि तो वास तिला पाठ होता. तिने एवढंच विचारलं, "दादा, त्या दिवशी माझं नाव का घेतलं नाहीस?"

त्याने काउंटरवरची मापाची टेप बोटाभोवती गुंडाळली.

"तुझं नाव घेतलं असतं, तर सात वर्षं मी कुठे होतो तेही सांगावं लागलं असतं."

तिने पिशवीतलं कापड काढलं, चोळून पाहिलं. "हे टोचेल तिला. माझ्याकडे मऊ आहे," ती म्हणाली आणि मापाची वही उघडली.

रविवारी दोन गाऊन घेऊन ती त्यांच्या घरी गेली. दुखरा हात आधी, मग चांगला, नाड्या बाजूला बांधायच्या म्हणजे पाठीला रुतत नाहीत; तिने दादाकडून तीनदा करून घेतलं. वहिनीने या वेळी हूं की चूं केलं नाही. नुसती नणंदेच्या बोटांकडे बघत राहिली, आणि मग जड जिभेने म्हणाली, "आईंना... रोज?"

"रोज."

वहिनीने डोळे मिटले.

तेवढ्यात शेजारीण विचारपूस करायला आली. "अगबाई, किती सोयीचा गाऊन! कुणी शिवला?"

"ही माझी बहीण," दादा म्हणाला.

टाचणीचा हात नाडीवर थांबला. शेजारणीची मान तिच्याकडे वळलेली होती. दादाने घसा खाकरला. तिला वाटलं, आता. आता म्हणेल, आईचं सगळं हिनेच केलं.

"हिनेच शिवलाय," तो म्हणाला, आणि शेजारणीला बसायला खुर्ची आणायला आत गेला.

टाचणीने नाडी बांधली. खुर्ची घेऊन तो परत येईपर्यंत ती आतल्या दाराकडेच बघत होती.